‘मुलं खूश आहेत, पण वही कोरी आहे’

(पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असं सगळं काढून मुख्य मुद्दा तेवढा देतेय.)

“मी पहिलीला शिकवते, वर्गात ३८ मुलं आहेत. गेल्या वर्षापासून गणित आणि भाषा जमेल तेवढं खेळातून घेते. जमिनीवर आकडे लिहून पळापळीचा खेळ असतो, बॉल फिरवून अक्षरं ओळखायचा असतो, शिवाय गाणी, टाळ्या, कार्डं चालूच असतात. मुलं खूश आहेत, गैरहजेरीही कमी झालीय. पण पालक विचारतात की वही कोरी का? शेजारच्या वर्गाच्या वह्या भरलेल्या आहेत आणि ते पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोसकट फिरतं. मुख्याध्यापक म्हणाले, खेळ आठवड्यातून एक तास ठेवा, आणि तोही ज्यांचं लिखाण पूर्ण झालंय त्यांना बक्षीस म्हणून. खरं सांगू का, आता मलाच शंका यायला लागलीय. खेळात पटापट उत्तर देणारी मुलं पाटीवर तेच विचारलं की गोंधळतात. एक मुलगी शंभरपर्यंत घडाघडा म्हणते, पण सात खडे मोजून झाल्यावर ‘मग किती आहेत?’ विचारलं की परत एकपासून मोजायला लागते. काही जण पंचवीसला ५२ लिहितात. मग खेळ बंद करून सरळ शिकवायला लागू का?”

– एक गोंधळलेली टीचर

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना पालक, मुख्याध्यापक आणि तो ग्रुप हे सगळं बाजूला ठेवून वाचलं, कारण त्यांचं आपण नंतर बघू. मला अडकवलं ते तुमच्या एका वाक्यानं, ‘खेळात पटापट उत्तर देणारी मुलं पाटीवर गोंधळतात’. हे तुम्ही स्वतः टिपलंय आणि प्रामाणिकपणे लिहिलंय. बऱ्याच जणी इथेच ‘मुलं आनंदात आहेत ना, मग झालं’ म्हणून सोडून देतात. मीही सोडून दिलंय, त्याबद्दल पुढे सांगते.

तुम्ही धरून चाललाय की दोनच रस्ते आहेत, एकतर खेळ नाहीतर शिकवणं. मुख्याध्यापक तेच धरून चाललेत, पालकही तेच, फक्त ते पलीकडच्या बाजूला उभे आहेत. मला वाटतं आधी हे बघूया की तुमच्या खेळांमध्ये मूल नक्की काय करतंय. म्हणजे त्याचे पाय काय करतात ते नाही, डोकं काय करतंय.

पळापळीचा खेळ घ्या. तुम्ही ‘सात!’ ओरडता, मुलं सातच्या आकड्याकडे धावतात. ३८ पैकी चार-पाच जणांना सात कुठे आहे ते माहीत असतं, ती सुटतात आणि बाकीची त्यांच्या मागे सुटतात. मागून धावणाऱ्यानं आकडा बघितलेलाच नसतो, त्यानं पुढच्याची पाठ बघितलेली असते. पण शेवटी सगळे सातवर उभे, त्यामुळे तुम्हाला बाहेरून वाटतं की वर्गाला सात कळला. बॉलचा खेळ बघा. एका पाळीला चाळीस सेकंद धरले (बॉल फिरणार, थांबणार, कार्ड उचलणार, वाचणार) तर वीस मिनिटांत फार तर तीस पाळ्या होतात, म्हणजे आठ मुलांची पाळी येतच नाही, आणि ज्यांची आली त्यांनी वीस मिनिटांत वाचलं किती, तर एक अक्षर. उरलेला वेळ सगळे बॉल पकडत होते. मजा आली हे खरंच, पण मजा बॉलची होती.

मी एक साधी कसोटी लावते. खेळातून गणित काढून घ्या आणि बघा खेळ उरतो का. पळापळीत आकड्यांच्या जागी लाल, निळे, पिवळे गोल काढले तरी तो खेळ तसाच आणि तितकाच मजेचा चालेल. मग त्यात गणित होतं कुठे? ते वरून चिकटवलेलं होतं. आणि आता हा खेळ बघा, दोघं मुलं, दहा खडे, एकानं डोळे मिटायचे, दुसऱ्यानं काही खडे मुठीत लपवायचे आणि उरलेले दाखवून विचारायचं की मुठीत किती? यातून गणित काढा बरं. काहीच उरत नाही. ‘सहा दिसतायत, म्हणजे मुठीत चार’ हीच तर त्या खेळातली चाल आहे, ती केल्याशिवाय मुलाला पुढे जाताच येत नाही, आणि कुणाच्या मागे धावायचीही सोय नाही.

हे नुसतं माझं मत नाहीये. गीता रमाणी आणि रॉबर्ट सिग्लर या संशोधकांचं २००८ साली प्रसिद्ध झालेलं काम आहे, शाळेत जायच्या आधीच्या वयाची, गरीब घरातली मुलं. त्यांना एका सरळ पट्टीवरचा १ ते १० आकड्यांचा खेळ दिला, साधा, फिरकी फिरवायची आणि तेवढी घरं पुढे जायचं. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका, दोन आठवड्यांत. दुसऱ्या गटाला अगदी तसाच खेळ दिला, फक्त घरांमध्ये आकड्यांऐवजी रंग. आकडेवाल्या गटाची मोजणी, आकडे ओळखणं, कुठला मोठा कुठला लहान हे सगळं सुधारलं आणि नऊ आठवड्यांनी तपासलं तरी टिकून होतं. रंगवाल्या गटाचं तसं झालं नाही, खेळले तर दोन्ही गट सारखेच होते.

याच्याही पुढची गोष्ट मला जास्त आवडते. एलिडा लास्की आणि सिग्लर यांनी २०१४ मध्ये शंभरपर्यंतच्या पटावर बघितलं की सोंगटी हलवताना मूल तोंडानं काय म्हणतं त्यानं फरक पडतो. सोंगटी ४१ वर आहे, दान पडलं दोन. आपली मुलं काय म्हणतात? ‘एक, दोन’. ते असं म्हणत खेळले तर फायदा होत नाही म्हटलं तरी चालेल. ‘बेचाळीस, त्रेचाळीस’ असं घरातला आकडा म्हणत पुढे गेले तर होतो. पट तोच, सोंगटी तीच, मजा तेवढीच. म्हणजे ‘खेळ चांगला की वाईट’ हा प्रश्नच फार ढोबळ आहे, खेळातली एक बारीकशी सवय बदलली की सगळं बदलतं. (सापशिडीबद्दल जाता जाता, तिच्यात आकडे नागमोडी जातात, एक ओळ डावीकडून उजवीकडे, पुढची उलटी, त्यामुळे ‘पुढे म्हणजे मोठं’ हे लहान मुलाच्या डोळ्यांना दिसत नाही. पहिलीला जमिनीवर खडूनं आखलेली सरळ पट्टीच बरी, सापशिडी नंतर आहेच.)

आता माझी फजिती सांगते. मी नवीन असताना दुसरीच्या वर्गात शब्दांच्या भेंड्या घ्यायचे, शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द, दोन गट पाडून. काय दंगा व्हायचा! मला वाटायचं आपला वर्ग भाषेत एक नंबर. एकदा घसा बसला होता म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसले आणि नुसती बघत राहिले, तर एका गटात तीनच मुली खेळत होत्या आणि दुसऱ्या गटात एक मुलगा. बाकीचे ‘हेऽऽऽ’ ओरडायचं काम चोख करत होते. वर्षभर मी चार मुलांबरोबर खेळत होते.

तर खेळ बंद करू नका. पण आहेत ते सगळेच ठेवा असंही मी म्हणणार नाही. पळापळ ठेवायची तर मैदानावर ठेवा, धावण्यासाठी, त्याला गणित म्हणू नका.

मुख्याध्यापकांनी सुचवलेला आठवड्यातून एक तासाचा पर्याय मला सगळ्यात जास्त खटकला, भले त्यांचा हेतू चांगला असेल. लिखाण कुणाचं आधी पूर्ण होतं? ज्याला येतं त्याचं. मग खेळायला तोच जाणार, आणि ज्याला मुठीतले चार खडे ओळखायची खरी गरज आहे ते पोर वही पूर्ण करत बसणार. वर त्याच्या डोक्यात पक्कं होणार की अभ्यास ही शिक्षा आणि खेळ ही सुटका. सगळे खेळ बंद केले तर निदान सगळ्यांचं सारखं नुकसान होईल, यात नेमकं मागे पडणाऱ्याचं होतं.

मग करायचं काय. मी तुमच्या जागी असते तर रोज नवा खेळ शोधायचा हट्ट आधी सोडला असता. पाच-सहा खेळ पुरतात, वर्षभर तेच, फक्त आकडे आणि अक्षरं बदलायची. नवीन खेळ आणला की पहिले दोन दिवस नियम समजावण्यातच जातात, आणि जेव्हा कुठे मुलं विचार करायला मोकळी होतात तेव्हा आपण तो खेळ बदलतो, कारण आपल्याला कंटाळा आलेला असतो, त्यांना नाही.

दुसरं म्हणजे जोड्या. ३८ मुलांच्या १९ जोड्या होतात, जोडीत पाळी दर अर्ध्या मिनिटाला येते आणि लपायला जागा नसते. आवाज होईल, पण १९ जोड्यांचा गुणगुणाट आणि दोन गटांची आरडाओरड यात फरक असतो तो तुम्हाला एका आठवड्यात ऐकू येईल. आधी एका जोडीला मध्ये बसवून सगळ्यांसमोर पूर्ण डाव खेळून दाखवायचा आणि मगच सोडायचं. फासा असू द्या. फाशाचा फायदा असा की नशिबानं कच्चं मूलही जिंकतं. नुसत्या वेगाचे खेळ, म्हणजे ‘कोण आधी सांगतो’ वाले, मी तरी या वयात घेत नाही, त्यात हरणारं मूल ठरलेलं असतं आणि त्यालाही ते ठाऊक असतं.

गणिताचे दोन खेळ अजून सांगते, मुठीचा वर आलाच. एक म्हणजे काड्या आणि रबरबँड. फासा टाका, तेवढ्या काड्या घ्या, दहा झाल्या की रबर लावून जुडी करा, ज्याच्या आधी पाच जुड्या त्याचा डाव. हे महिनाभर झालं की उलटं खेळायचं, पाच जुड्यांपासून सुरू करून फाशावर पडेल तेवढ्या काड्या परत द्यायच्या. आता मुलाकडे सुट्या काड्या नाहीत आणि द्यायच्यात चार. थोडा वेळ बघत बसेल, मग स्वतःच रबर काढेल. पुढे दुसरी-तिसरीत वजाबाकीत शेजारून दहा आणायचे तेव्हा त्याला नवीन काही सांगावं लागत नाही, त्याच्या बोटांनी ते आधीच केलेलं असतं. दुसरा खेळ, दोन रिकामी घरं, दशकाचं आणि एककाचं. फासा टाकला की पडलेला आकडा कुठल्या घरात ठेवायचा ते लगेच ठरवायचं, दुसऱ्यांदा टाकायच्या आधी. मोठी संख्या ज्याची तो जिंकला. पाच पडले तर दशकात टाकू की थांबू? पहिलीची मुलं यावर जे वाद घालतात ते ऐकायला मजा येते, आणि ५ एककात असला की पाच आणि दशकात गेला की पन्नास हे त्यांना समजावून सांगायला लागत नाही, ते त्यावर भांडतच असतात.

पंचवीसचे ५२ लिहिणाऱ्यांबद्दल. यात मुलांची चूक कमी आणि आपल्या भाषेची गंमत जास्त आहे. मूल ऐकतं ‘पंच-वीस’, पाच आधी आणि वीस नंतर, आणि ऐकलं त्या क्रमानं लिहितं, ५ आणि मग २. जर्मन भाषेतही ‘पाच आणि वीस’ असंच म्हणतात आणि तिथली मुलंही हीच गल्लत करतात. चिनी भाषेत पंचवीसला सरळ ‘दोन दहा पाच’ म्हणतात, तिथे ऐकलेलं आणि लिहिलेलं जुळतं. आपल्याकडे त्यात भर म्हणून एकोण. एकोणतीसमध्ये मुलाला ऐकू येतो तो तीस, आणि लिहायचे असतात २९, म्हणून कुणी ३९ लिहून मोकळं होतं. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हे आठ वेळा येतं आणि नव्व्याण्णवला नेमका नियम मोडतो, तिथे एकोणशंभर नाही. त्यात ३ आणि ६ हे आकडे आरशात बघितल्यासारखे. एवढं सगळं सहा वर्षांच्या पोरापुढे आपण ‘सोपं तर आहे’ म्हणून ठेवतो.

म्हणून जुड्या मांडताना दोन्ही नावं म्हणून घ्या, ‘दोन दहा आणि पाच, पंचवीस’. आधी अर्थाचं नाव, मागोमाग रोजचं नाव. आणि हो, एकोणसत्तर, एकाहत्तर, अठ्ठ्याहत्तर ही नावं नुसत्या खेळातून पाठ होतील अशा भ्रमात राहू नका. ती कानावर पडून, रोज म्हणूनच बसतात. रोज तीन मिनिटं तालात म्हणा, उलटी म्हणा, मधूनच सुरू करा. पाठांतराला नावं ठेवायची एक फॅशन आलीय, मला ती पटत नाही, फक्त पाठांतर म्हणजे समजणं नव्हे हे आपल्याला माहीत असलं म्हणजे झालं.

आता भाषा. इथेही तीच कसोटी, वाचल्याशिवाय चाल करता येते का? मला सगळ्यात आवडणारा खेळ चिठ्ठ्यांचा. चिठ्ठीवर एक वाक्य, ‘खिडकीजवळ जाऊन हात वर कर’, ‘डोळे मिटून बस’, ‘शूज काढल्यासारखं कर’. एक जण मनात वाचतो आणि न बोलता तसं करतो, जोडीदार ओळखतो की चिठ्ठीत काय लिहिलं असेल, आणि मग दोघं मिळून चिठ्ठी वाचून बघतात. यात वाचलं नाही तर काहीच होत नाही. ज्यांना वाक्य जमत नाही त्यांना एकच शब्दाची चिठ्ठी, ‘उठ’, ‘बस’, ‘हस’. पुढे चिठ्ठ्या मुलंच लिहितात, आणि शेजाऱ्याला नाचायला लावायचं असेल तर लिहायचा कंटाळा कुणालाच येत नाही.

मात्रांसाठी शब्द बदलायचा खेळ. फळ्यावर ‘बल’ लिहा. काना दिला की बाल, वेलांटी दिली की बिल, एक मात्रा दिली की बेल, दोन दिल्या की बैल, काना-मात्रा दिली की बोल. हातात मात्रांची कार्डं आणि प्रत्येकानं एक लावून नवा शब्द करायचा. अर्थ नसलेला झाला तर सगळ्यांनी हसायचं आणि त्याला अर्थ द्यायचा. अख्खी बाराखडी सुरात म्हणणारी मुलं इथे अडखळतात, कारण बाराखडी त्यांना गाणं म्हणून येत असते. पहिली वेलांटी तर खास त्रास देते, ती दिसते अक्षराच्या आधी आणि उच्चार अक्षराच्या नंतर, ‘दिवा’ वाचताना डोळ्यांना आधी वेलांटी भेटते. मूल तिथे थबकलं तर ते ढ नाही, ते डावीकडून उजवीकडे इमानदारीत वाचतंय. आणि अक्षरं क, ख, ग, घ याच क्रमानं शिकवली पाहिजेत असं काही नाही. म, क, र, ल, ब आणि काना एवढ्यावर काम, राम, माल, कमल, बारका, मामा, काका असे ढीगभर शब्द होतात, म्हणजे पहिल्याच महिन्यात वाचल्याचा आनंद मिळतो, ङ आणि ञ थांबू शकतात.

आवाजाचे खेळ तुम्ही टाळ्यांनी घेताच, ते ठेवा. त्यात एक भर घाला. ‘घर, सर, कर, बस’ असे चार शब्द म्हणायचे आणि वेगळ्या आवाजाचा कुठला ते ओळखायचं. ब्रॅडली आणि ब्रायंट या संशोधकांनी १९८३ मध्ये इंग्लंडमधल्या मुलांवर दाखवलं होतं की शब्दांमधले आवाज असे वेगळे करायला शिकलेली मुलं पुढे वाचनात बरी निघतात, आणि त्याच आवाजांबरोबर अक्षरंही हाताळली तर जास्तच. म्हणजे तोंडी खेळ झाला की लगेच तेच शब्द अक्षरांच्या कार्डांनी मांडायचे, तो दुवा सुटू द्यायचा नाही.

ज्या मुलांना वाचायचंच नसतं त्यांच्यासाठी अजून एक. सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर नावाच्या बाई न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवायच्या. त्या रोज प्रत्येक मुलाला विचारायच्या, आज तुला कुठला शब्द हवा? मूल जो सांगेल तो कार्डावर लिहून द्यायच्या, तो त्याचा. दुसऱ्या दिवशी ओळखता आला तर ठेवायचा, नाही आला तर टाकून द्यायचा, म्हणजे तो त्याचा नव्हताच. मी हे करून बघितलंय, ३८ मुलांना रोज नाही जमत, दिवसाला सात-आठ जमतात. मुलं ‘कमल’ मागत नाहीत, ‘भूत’, ‘आई’, ‘डायनासोर’ मागतात, आणि डायनासोर हा शब्द वर्गातली सगळ्यात कच्ची मुलगी एका दिवसात वाचते. आणि मूल घरी बोलतं तसं बोललं, ‘व्हतं’ म्हणालं, ‘पाहिजेल’ म्हणालं, तर खेळाच्या मध्ये दुरुस्त करू नका. ते तोंड उघडतंय ना, तुम्ही उत्तर देताना प्रमाण बोला म्हणजे ते कानावर पडतं.

एक मुद्दा गणित आणि भाषा दोन्हीचा आहे. शाब्दिक उदाहरणात ‘जास्त’ दिसलं की मुलं बेरीज करतात आणि ‘कमी’ दिसलं की वजाबाकी. ‘माझ्याकडे ८ मणी आहेत, ते तुझ्यापेक्षा ३ने जास्त आहेत, तर तुझ्याकडे किती?’ असं विचारून बघा, अकरा उत्तर येईल. मूल गणितात नाही, ‘पेक्षा’ या शब्दात अडकलंय. यावर उपाय म्हणून उलटं करा, तुम्ही फळ्यावर ७ – ४ = ३ लिहा आणि जोडीनं त्याची गोष्ट बनवायची. एका जोडीचे पक्षी उडून जातील, दुसरी जोडी म्हणेल दादा सात वर्षांचा आणि मी चार वर्षांची. दोन्ही बरोबर, पण एकात काहीतरी गेलं आणि दुसऱ्यात काहीच गेलं नाही, नुसता फरक आहे. यावर वर्गात बोला, दहा वर्कशीटनी होणार नाही ते होतं.

आणि आता वही. वहीला शत्रू समजू नका, तुमच्या खेळांना वहीची गरज आहे. मुलं खेळात सांगतात आणि पाटीवर गोंधळतात याचं दुसरं कारण हेच आहे की खडे आणि चिन्हं यांच्यामध्ये कुणी पूल बांधलेला नाही. शिकणं आधी हातानं, मग चित्रानं, मग चिन्हानं होतं असं जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं होतं. तुमची मुलं हातावरून थेट चिन्हावर उडी मारतायत, मधलं चित्र राहिलंय. चाळीस मिनिटांचा तास असेल तर पाच मिनिटं नियम, पंधरा मिनिटं खेळ, दहा मिनिटं बोलणं (‘मुठीत चार आहेत हे तुला कसं कळलं?’, ‘अजून कुणी वेगळ्या तऱ्हेनं काढलं?’) आणि शेवटची दहा मिनिटं वही. आजच्या डावातला एक क्षण काढायचा, सहा गोल, एक मूठ, खाली ६ + ४ = १०. वर तारीख. घाई झाली तर खेळ पाच मिनिटं कमी करा पण बोलणं खाऊ नका, मला विचाराल तर शिकणं सगळ्यात जास्त तिथेच होतं आणि नेमकं तेच आपण घंटा झाली म्हणून सोडतो.

असं केलं की वही आपोआप भरते, आणि ती शेजारच्या वर्गाच्या वहीसारखी दिसत नाही हे खरंय. तिथे पानभर एकच आकडा असेल, तुमच्याकडे अर्धं पान चित्र असेल. पालकांना ते समजावून सांगत बसू नका, त्यांना खेळायला लावा. पुढच्या पालकसभेत भाषणाऐवजी दहा-दहा खडे हातात द्या आणि त्यांच्याच मुलाबरोबर मुठीचा डाव खेळायला बसवा. जी आई ‘नुसतं खेळतात’ म्हणत होती तिला तिचा मुलगा तिसऱ्या डावात ‘तुझ्या मुठीत तीन’ म्हणाला की ग्रुपवर फोटो तीच टाकेल. पालकांची काळजी खोटी नसते, त्यांना फक्त पुरावा कुठे बघायचा ते माहीत नसतं. पालक हे वाचत असतील तर घरी वेगळं साहित्य आणू नका, दहा बटणं किंवा बिया पुरतात, आणि उत्तर चुकलं की लगेच बरोबर सांगू नका, मूठ उघडा, ते स्वतः मोजेल.

मुख्याध्यापकांसाठी एक वही वेगळी ठेवा, तुमची. रोज पाचच मुलांकडे नीट बघा आणि एकेक ओळ लिहा, ‘दहापर्यंत न मोजता सांगते’, ‘जुडी सोडायला घाबरतो’. आठ दिवसांत ३८ होतात, मग परत पहिल्यापासून. दोन महिन्यांनी ती वही टेबलावर ठेवा आणि सांगा की सर, खेळ बंद करायचे की नाही ते हे वाचून ठरवूया. ते ऐकतीलच याची खात्री मी देत नाही, काही जण ऐकत नाहीत. तसं झालं तर लिखाणाचा त्यांना हवा तेवढा कोटा सकाळी पूर्ण करून द्या आणि उरलेल्या वेळात पंधरा मिनिटांचा एक डाव रोज सगळ्यांना, वही पूर्ण असो नसो. बक्षीस म्हणून खेळ एवढं मात्र होऊ देऊ नका, त्यावर वाद घालावा लागला तरी चालेल.

राहता राहिली ती सात खडे परत मोजणारी मुलगी. तिला मोजता येतं, पण शेवटी म्हटलेला शब्द हा सगळ्या ढिगाचा आकडा असतो हे अजून तिला लागलेलं नाही, ती ‘किती?’ म्हणजे ‘मोजून दाखव’ असं समजतेय. गेल्मन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची जी पाच तत्त्वं सांगितली त्यातलं हे एक, आणि ते शंभरपर्यंत म्हणून येत नाही. तिला सध्या शंभर नको, पाचच्या आतच खेळवा. तीन खडे ठेवा, ती न मोजता ‘तीन’ म्हणेल, तिला ते एका नजरेत दिसतं. मग तेच तीन तिला बोट लावून मोजायला सांगा, ‘एक, दोन, तीन’, आणि ढिगाभोवती हात फिरवून तुम्हीच म्हणा, ‘तीन खडे’. असं चारचं करा, मग पाचचं. आणि खडे वाटीत टाकून झाकल्यावर ‘वाटीत किती?’ विचारा, कारण झाकलेले परत मोजता येत नाहीत. दोन-तीन आठवडे लागतील. काय झालं ते मला नक्की कळवा.